माझी सुरी गंजत नाही

मी सुरी बोलतेय. दचकू नका, हातही मागे घेऊ नका. माझं बोलणं जरा तिखट आहे, पण भाजीपाल्याखेरीज मी कुणाच्या वाटेला जात नाही. या घरात माझ्याबद्दल एक थाप फार वर्षं चालत आली आहे. ज्यानं ती मारली त्याला आता धड बोलता येत नाही, आणि जिला मारली तिनं तोंडाला कुलूप लावलंय. राहिले मी. म्हणून म्हटलं, आता आपणच बोलावं.

जन्मतः मी सुरी नव्हतेच. मालट्रकच्या पोटाखाली पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. गाडी खड्ड्यातून गेली की सगळा भार तेच सोसतात. त्यांतला एक पाटा म्हणजे मी. सिमेंटची पोती, लाकडाचे ओंडके, कधी कुणाचं अख्खं बिऱ्हाड, सगळं मी अंगावर वाहिलं. पुढे ट्रक थकला, मोडीत निघाला आणि मी भंगाराच्या ढिगात गंजत पडले. गंज म्हणजे काय ते मला तिथे कळलं. त्यात दुखत काही नाही. फक्त आपली आता कुणाला गरज नाही, हे हळूहळू अंगावर उमटत जातं.

तिथून मला एका लोहारानं उचललं. त्याला सगळे मामा म्हणायचे, कारण आईबापाविना त्याच्याकडे वाढलेला भाचा उठताबसता ‘मामा, मामा’ करायचा आणि ते ऐकून गिऱ्हाइकांच्याही तोंडी तेच बसलं होतं. भाचा तोवर चांगला बाप्या झाला होता, जिन्याखालच्या एका गाळ्यात सायकलदुरुस्तीचं दुकान चालवत होता. पण संध्याकाळी दुकान बंद केलं की भट्टीपाशी येऊन बसायचाच.

मामानं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला आणि भाच्याला म्हणाला, “हे पोलाद बघ. जन्मभर ओझी उचललीत यानं. याची सुरी करू.”

मग काय विचारता! लाल होईस्तोवर तापवलं, बडव बडव बडवलं, पुन्हा तापवलं. शेवटी धगधगती असतानाच तेलात बुडवली, तेव्हा मी अशी काही फुसफुसले की भाचा दोन पावलं मागे सरला. त्यानंतर मंद आचेवर शेकलं. मामा म्हणायचा, नुसतं कडक पोलाद कामाचं नाही, मोडतं ते. थोडं वाकायलाही आलं पाहिजे. भाच्यानं हे मान डोलावून ऐकलं खरं, पण त्याच्या स्वभावात काही ते उतरलं नाही. फार हट्टी माणूस. मी त्याला अजूनही भाचाच म्हणते, केस पांढरे झाले तरी.

मामाकडे येणारी गिऱ्हाइकं पहिला प्रश्न एकच विचारायची, “मामा, ही गंजते का?”

“गंजते की,” मामा सरळ सांगायचा.

“मग स्टेनलेसची का करत नाही?”

“स्टेनलेस वाईट नाही हो. बिचारं कशालाही तयार असतं. ओलं ठेवा, खारट ठेवा, विसरून जा, तक्रार नाही. पण त्याला धार लावायची म्हणजे दगडाशी भांडण. माझं पोलाद दगडावर जरा फिरवलं की ऐकतं आणि अशी धार घेतं की टोमॅटोला कळतसुद्धा नाही कधी कापला ते. फक्त त्याची विचारपूस करावी लागते.”

निम्मी गिऱ्हाइकं एवढ्यावर उठून जायची. मामाला त्याचं काही वाटायचं नाही.

भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा मामानं मला जुन्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. मूठ शिसवीची, तांब्याच्या खिळ्यांनी पक्की केलेली. मामा म्हणाला, “दुसरं माझ्याकडे आहे काय? ही घे. पण एक लक्षात ठेव. काम झालं की तिथल्या तिथे पुसायची. धुऊन ओली टाकलीस तर ही तोंड दाखवायच्या लायकीची राहणार नाही. आणि मलाही तोंड दाखवू नकोस.”

भाच्यानं मान डोलावली.

आता बाईंबद्दल सांगते. भाच्याची बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला सगळे बाई म्हणत, मीही म्हणते. बाई म्हणजे वाऱ्यावर स्वार. हिशेबात पक्क्या, मनानं मोकळ्या, बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही. फक्त एक खोड होती. काम संपलं की हातातली वस्तू जिथं असेल तिथं टाकून पुढच्या कामाला पळायचं. कपाटाचं दार उघडं, बाटलीचं झाकण बाजूला, खडूचा तुकडा साखरेच्या डब्यावर. अशा बाईच्या हातात मी पडणार होते.

त्यातून बाईंच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, लग्नात काय द्यावं? स्टेनलेस स्टीलची सुरी. मखमली पेटीतली. अशी चकचकीत की बाई तिच्यात बघून टिकली नीट करायच्या. मी तिला मनातल्या मनात महाराणी म्हणायला लागले. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी, म्हणजे सवतीच की!

पहिल्याच दिवशी ओट्यावर आम्ही शेजारी शेजारी आणि समोर नवराबायको. बाईंनी मला नखानं टोकरून पाहिलं.

“अहो, ही काळपट का आहे?”

“पोलाद आहे. मामानं स्वतः केलंय.”

“म्हणजे लोखंडच ना? गंजेल ही. ताईची काढते.”

एवढं बोलून बाई महाराणीला हात घालणार, तोच भाचा बोलून गेला, “माझ्या मामाची सुरी गंजत नाही.”

मी थक्क. ज्या मामानं उभ्या जन्मात एका गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्या नावावर हा खुशाल थाप मारून मोकळा! पण त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं. अख्ख्या लग्नात त्याच्या बाजूनं आलेली वस्तू एकच होती. ती पेटीतल्या झगमगाटापुढं पहिल्याच दिवशी बाजूला पडणार, हे त्याला सोसवलं नाही.

बाई गणिताच्या. त्या अशा कुणाचं ऐकून घेतात होय? म्हणाल्या, “बरं. वापरून बघू. पण ज्या दिवशी गंजेल ना, त्या दिवशी ही घराबाहेर आणि ताईची ओट्यावर. आहे कबूल?”

“कबूल,” भाचा म्हणाला.

झालं. महाराणी पेटीत गेली, पेटी फळीवर गेली आणि माझं नशीब भाच्याच्या शब्दाला टांगलं गेलं.

त्याच दुपारी बाईंनी मला घेऊन लिंबं कापली आणि मला तशीच मोरीत टाकून त्या वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत पळाल्या. लिंबाचा रस आणि मी! अंगाची नुसती आग. तेवढ्यात भाचा स्वयंपाकघरात आला. गॅलरीकडे एक नजर टाकली, मला उचललं, नळाखाली धरलं, खिशातून स्वच्छ चिंधी काढली आणि माझ्या कण्यावर, म्हणजे बोथट पाठीवर, दुमडून मुठीकडून टोकाकडे अलगद ओढली. मग दोन बोटांनी तेलाचा हात फिरवला आणि मला खुंटीला अडकवलं. बाई आत आल्या तेव्हा महाशय पेला तोंडाला लावून उभे.

“इथे काय करताय?”

“पाणी पितोय.”

तिथून ते सुरू झालं. बाई कापायच्या, टाकायच्या, पळायच्या. भाच्याला तहान लागायची. सकाळी दुकानात जाण्याआधी तहान, दुपारी जेवायला आला की तहान, रात्रीची भाजी चिरून झाली की पुन्हा तहान. शाळेला सुट्टी असली आणि बाई दिवसभर घरात असल्या की तर बघायलाच नको. एकदा त्या स्वयंपाकघरातून हलेचनात, तेव्हा हा गडी दारात उभा राहून पेल्यामागून पेले रिचवत होता. मला हसू आवरेना.

सुरुवातीला मीही त्याला कमी छळलं नाही. नव्या पोलादाचा कांद्याशी उभा दावा असतो. कांदा काळा पडायचा, सफरचंद तपकिरी व्हायचं. बाई नाक मुरडायच्या. भाचा म्हणायचा, “नवी आहे, रुळेल.” आणि रुळले मी. कांदा, लिंबू, टोमॅटो, जे जे कापलं त्याची झाक अंगावर चढत गेली. आधी करडी, मग निळसर, टोकाकडे जरा जांभळी. हा गंज नव्हे बरं का. रोज पुसलेल्या पोलादालाच असा रंग येतो आणि तो आला की पोलाद शांत होतं. महाराणी पेटीत होती तशीच राहिली, पहिल्या दिवसासारखी. माझ्या अंगावर मात्र या घरातलं प्रत्येक जेवण लागलं आहे.

बाईंना आता माझा अभिमान वाटायला लागला. पैज हरल्याचं दुःख त्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. उलट येईल त्याला दाखवायच्या, “बघा, लोखंडाची आहे, पण काय बिशाद गंजेल! आमच्या मामांच्या हातचीच गोष्ट वेगळी.” ताईलासुद्धा त्यांनी हे तोंडावर ऐकवलं. भाचा अशा वेळी खिडकीतून बाहेर बघत बसायचा.

एकदा तर फारच पंचाईत झाली. समोरच्या शेजारणीनं बाईंचं ऐकून मामाकडून अगदी माझ्यासारखीच सुरी आणवली. आठवडा उलटायच्या आत ती तांबडी झाली. शेजारीण ती घेऊन तरातरा आली.

“हे बघा तुमच्या मामांचं न गंजणारं पोलाद!”

बाईंनी तिची सुरी पाहिली, मला पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “मग तुमच्याच हातात काहीतरी असेल.”

आता शब्दानं शब्द वाढणार, भांडण हातघाईवर येणार, असं दिसायला लागलं. भाचा मधे पडला, मागोमाग आलेल्या शेजारणीच्या नवऱ्याला कोपरापाशी धरून जिन्यात घेऊन गेला. काय बोलले कोण जाणे. पण ती सुरी पुन्हा कधी गंजली नाही, आणि त्या घरातल्या पुरुषमाणसालाही तेव्हापासून तहान फार लागायला लागली.

हे किती दिवस चालायचं? शेवटी बाईंना काळजी वाटू लागली. एवढं पाणी पाणी करणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी दुखणं असणार. त्यांनी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. साखर तपासायची म्हणून उपाशीपोटी रक्त द्यायला लावलं, जेवल्यावर पुन्हा द्यायला लावलं. भाच्याला सुईची मरणाची भीती. लहानपणी पायात खिळा घुसला तेव्हा तो इंजेक्शनच्या धाकानं भट्टीमागे लपला होता, असं मामा सांगायचा. त्या दिवशी एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण दंड पुढं करून बसला आणि कोपराजवळ कापूस दाबत घरी आला.

“सगळं ठीक आहे म्हणे,” बाई मला सफरचंदावर फिरवत म्हणाल्या. “तरी बरं. मला मेली उगाच धास्ती.”

मग मला ओट्यावर टाकून त्या शेजारणीला ही बातमी द्यायला गेल्या. भाचा उठला आणि आला पाणी प्यायला.

तो का सांगत नव्हता, याचा मी खूप विचार केला आहे. रात्रंदिवस खुंटीला लटकणाऱ्याला विचाराशिवाय उद्योग काय? सुरुवातीला नुसता हट्ट होता, शब्द मागे घ्यायला लाज वाटत होती. पुढे मामा गेला, भट्टी विझली, आणि मामाचं म्हणावं असं मीच तेवढी उरले. मग मला पुसताना तो जरा थांबायला लागला, माझ्यावरून अंगठा फिरवायला लागला. आणि आणखी पुढे मला असं दिसलं की तो पुसतो मला, पण नजर असते गॅलरीतल्या बाईंकडे. त्या तिथे कपड्यांना चिमटे लावत गुणगुणत असायच्या. त्यांना मागे वळून बघावं लागत नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं त्याला वाटत होतं. एवढंच असावं. त्यानं मला कधी सांगितलं नाही, त्यामुळे चूकभूल माझ्याकडे.

चिंध्यांवरून मात्र बोलणी खायचा. धुण्यात त्याच्या खिशातून काळपट डागांची चिंधी निघाली की बाई ओरडायच्या, “दुकानातले बोळे घरी कशाला आणता हो?” हा खाली मान घालून म्हणायचा, “राहिला खिशात.”

मुलगी झाली, शिकली, नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली. भाच्याचे गुडघे दुखायला लागले आणि त्यानं दुकान बंद केलं. बाई निवृत्त झाल्या. दोघंही दिवसभर घरात, त्यामुळे माझ्या पुसण्याचं गणित अवघड झालं, पण भाचा डोळ्यात तेल घालून जपत होता. बाईंचं गॅलरीत जाणं हीच त्याची घटका. म्हणून त्यानं त्यांना गॅलरीत ठेवायला कुंड्या आणून दिल्या. एक झाली, दोन झाल्या, मग गॅलरी भरून गेली. बाई खूश. त्यांना वाटलं, नवऱ्याला उतारवयात फुलांची हौस आली.

आणि मग ती सकाळ. बाई टोमॅटो चिरत होत्या. बाहेरच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाईंनी मला तशीच मोरीत टाकली आणि धावल्या. मग त्यांची हाक ऐकू आली. तशी हाक मी त्या घरात आधी कधी ऐकली नव्हती. शेजारणीचा नवरा आला, कुणीतरी खुर्चीत बसवून भाच्याला खाली नेलं, दार ओढलं गेलं. आणि घरात कुणीच नाही.

मोरीत टोमॅटोच्या रसात मी पडून राहिले. नळ ठिबकत होता. मला माझी काळजी नव्हती असं नाही, खोटं कशाला बोलू. पण मला जास्त भीती वाटत होती ती त्या शब्दाची. इतकी वर्षं त्यानं जीव लावून सांभाळलेला शब्द माझ्या अंगावर लाल होत चालला होता आणि मला काहीच करता येत नव्हतं.

कितीतरी दिवसांनी दार उघडलं. भाचा चाकाच्या खुर्चीवरून घरी आला. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द त्याच्या मनात होते, ओठांपर्यंत येता येता त्यांचा चोथा होत होता. बरोबर लेक आली होती, लांब रजा टाकून.

बाई स्वयंपाकघरात आल्या, मोरीत हात घातला आणि मला वर काढलं. टोकापासून मुठीपर्यंत मी तांबडी झाले होते. त्या बघतच राहिल्या.

“हे काय गं? हिला काय झालं?”

लेक म्हणाली, “आई, कार्बन स्टील आहे ते. गंजणारच.”

“ही नाही गंजत.”

“आई!”

“बाबांना विचार तुझ्या. एवढ्या वर्षांत कधी गंजली नाही.” बाईंचा आवाज एकदम चिरका झाला. “सगळं आत्ताच व्हायचंय का?”

त्यांनी तारेचा चोथा घेऊन मला घासलं. रागानं घासलं. माझा निळा, जांभळा रंग सगळा निघून गेला आणि मी उघडी पडले. मग भाजी चिरून सवयीनं मला ओट्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. पुन्हा घासणं, पुन्हा डाग. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसून भाचा हे सगळं बघत होता. बाई आतून बाहेर गेल्या की तो डाव्या हातानं खुर्ची ढकलायला बघायचा, पण उंबरठ्याला चाक अडायचं. पेल्याकडे बोट दाखवायचा. लेक धावत पाणी आणायची. तो मान हलवायचा, पेला परत करायचा आणि पुन्हा आत बोट दाखवायचा.

“काय हवंय बाबा? पाणीच आणलंय ना?”

त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. लेकीला वाटायचं, दुखण्यानं माणूस हळवा झाला. मी आतून बघत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

शेवटी लेकीनं फळीवरची पेटी काढली. महाराणी बाहेर आली, पहिल्या दिवसासारखी चकचकीत. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तिनं आयुष्य अंधारात काढलं आणि तक्रार केली नाही, मला ते जमलं नसतं. लेक म्हणाली, “आई, आता तुला बाबांचं सगळं बघायचंय. घासत बसायला वेळ कुठाय? ही वापर. ती गंजकी भंगारवाल्याला देऊन टाकते, उद्या येईल तो.”

मला वाटतं, बाईंना ती पैज आठवली असावी. त्यांनी फक्त माझ्यावरची नजर काढून घेतली.

लेकीनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं. भाच्याच्या खुर्चीशेजारी. तिला बिचारीला काय माहीत!

दुपारी लेक औषधं आणायला बाहेर पडली. बाई धुणं घेऊन गॅलरीत गेल्या. मग भाच्याचा डावा हात टेबलावर सरकत आला आणि वर्तमानपत्राची घडी उलगडली. मला बघून त्याच्या घशातून एक आवाज आला, तो शब्द होता की काय ते मला कळलं नाही. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू ठेवावी तसा माझ्या मुठीवर ठेवला, आणि त्या मेल्या हाताच्या वजनाखाली मला टेबलाशी दाबून धरलं. मग खिशात चाचपडून चिंधी काढली. लेकीनं सकाळीच अंगात घातलेला धुतलेला सदरा होता तो, त्यातही यानं चिंधी कधी सरकवली देव जाणे. टेबलावर त्याच्या हाताला चोळायच्या तेलाची वाटी होती. चिंधी तिच्यात बुडवली, माझ्या कण्यावर दुमडली आणि मुठीकडून टोकाकडे ओढली.

डावा हात अडाणी होता. चिंधी घसरत होती, एकदा तर बोट माझ्या धारेला टेकता टेकता राहिलं. पण पद्धत तीच. ओढायची, उचलायची, पुन्हा दुमडायची. तेलानं गंज सुटून चिंधी तपकिरी होत होती.

तेव्हा मला गॅलरीच्या दारात बाई दिसल्या.

त्यांच्या एका हातात भाच्याचा दवाखान्यातून परत आलेला ओला सदरा होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या खिशातून निघालेला, डाग पडलेला एक बोळा. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्याच्या हाताकडे, मग स्वतःच्या हातातल्या बोळ्याकडे. दुकान बंद होऊन तर किती वर्षं झाली! बाई गणिताच्या. सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मांडला जाताना मी पाहिला. दुकानातले बोळे. कुंड्या. दारात उभं राहून रिचवलेले पेले. कोपराजवळ दाबलेला कापूस. त्यांनी ओला सदरा तोंडाशी धरला आणि त्यांचे खांदे हलले. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

मला वाटलं, आता बाई येणार आणि बोलणार. बोलणं हा तर त्यांचा प्राण. पण त्या पाऊल न वाजवता मागे सरल्या. क्षणभरानं गॅलरीतून बादलीचा केवढा तरी खणखणाट झाला आणि मोठ्यानं आवाज आला, “अहो, झालं हं माझं! येते आत!”

भाच्याची धांदल उडाली. चिंधी खिशात, मी वर्तमानपत्रात, कागद अर्धाच गुंडाळलेला. बाई पदराला हात पुसत आल्या.

“तहान लागली का?”

त्यानं मान डोलावली. बाईंनी पाणी आणलं, पेला ओठाला लावला. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

लेक परत आली तेव्हा मी ओट्यावरच्या खुंटीला होते.

“आई, ही परत आत कशी?”

“ही कुठेही जायची नाही.”

“अगं, गंजलीय ती!”

“कुठे गंजलीय? दाखव.” बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या मामांची सुरी गंजत नाही.”

बाहेरून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

आता माझे दिवस असे जातात. बाई खुर्चीशेजारच्या टेबलावर फळी ठेवून भाजी चिरतात, म्हणे त्याला सोबत होते. चिरून झालं की मला तिथेच टाकतात आणि म्हणतात, “अहो, मी कुंड्यांना पाणी घालून येते. वेळ लागेल हं मला.” तेलाची वाटी तिथेच असते. गॅलरीत उभ्या राहून त्या सुकलेली पानं खुडतात, सुकली नसली तरी खुडतात, आणि आत येण्याआधी बादली वाजवतात. मग मला उजेडात धरून बघतात आणि म्हणतात, “काय पोलाद आहे!” भाचा तोंडाच्या एका बाजूनं हसतो. परवा त्याच्या उजव्या हाताची बोटं माझ्या मुठीभोवती जराशी वळली होती. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, सुधारणा आहे.

पण डाव्या हाताचं पुसणं ते. मुठीजवळच्या खाचेत ओल राहतेच. भाच्याला ते दिसत नाही, चष्माही आता जुना झाला. ती ओल बाईंना दिसते. मला खुंटीला अडकवायला म्हणून त्या आत नेतात, पाठ फिरवून आपल्या लुगड्याच्या जुन्या तुकड्यानं खाच कोरडी करतात, तेलाचं बोट लावतात. तेवढ्यात चाकांची चाहूल लागली की पटकन पेला तोंडाला लावतात. आता मला दोघं पुसतात, एकमेकांपासून लपवून. माझा निळा रंग परत यायला लागला आहे.

तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, ज्याला रोज पुसावं लागतं, ते टाकून नवं, बिनकटकटीचं आणावं असं तुमच्या मनात येत असेल, तर आणा बापडे. मी काही महाराणीला नावं ठेवायला बसले नाही. फक्त एक करा. टाकायच्या आधी थोडं बघा, की आजवर ते कुणी पुसलं. आपण कधीच पुसलं नाही आणि तरी ते गंजलं नाही, असं असेल, तर घरात कुणीतरी तुमच्या वाटणीचं काम मुकाट्यानं करत आलं आहे.

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. लेक आठवड्याच्या सुट्टीला आली होती. दिवसभर आईकडे बघत होती. संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, “आई, तू हल्ली इतकं पाणी का पितेस? बघावं तेव्हा स्वयंपाकघरात पेला तोंडाला. ते काही नाही, साखर तपासून घेऊ.”

खुर्चीत भाच्याचा घास हातातच राहिला. त्यानं बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बाईंकडे.

बाईंनी मान वर केली नाही. ताटात बघत म्हणाल्या, “घेऊ की. कधी जायचं?”

उद्या सकाळी बाई उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहेत.